जगदाळे सरांची शिकार

जगदाळे सरांच्या घरी मटण कधी शिजलंच नाही. शिजायची ती शिकार. बाजारातल्या खाटकाकडून बोकडाचं आणलं तरी शिकार आणि कोंबडी आणली तरी शिकार. पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले, जंगलात जाऊन जनावर मारायचे आणि अंगणात शिजवायचे. जंगलं गेली, मारणं गेलं, शब्द तेवढा घरात राहिला. आणि ज्याच्यासाठी शिजवायची, त्याची ती शिकार. पाहुण्यांची शिकार, भावाची शिकार, रविवारी स्वतः सरांची शिकार.

आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, कंपाउंडच्या भिंतीवरून मला सांगितलं, "आज यांची शिकार आहे हं, दुपारी खिडकी लावून घ्या." मी लेल्यांची सून, वरणभाताची बाई. मी आत येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, कुठे आणून टाकलंत हो मला, शेजारीण नवऱ्याची शिकार करणार आहे आज. हे हसून हसून लोळले. पुढे मला त्या शब्दाची इतकी सवय झाली की तो ऐकून कुणी दचकू शकतं, हेच मी विसरून गेले.

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिही, लिही असं शाळेतले जुने लोक म्हणतात. मी गणिताची बाई, मला लिहिता कुठलं येतंय. पण लोक जे जगदाळे सर सांगतात ना, शिट्टीवाले, कडक, टायमाचे पक्के, ते ऐकून माझं डोकं फिरतं. अर्धंच सांगतात मेले. उरलेलं मी भिंतीच्या अलीकडून बघितलंय.

शाळेत ते पी.टी. शिकवायचे. उंची बेताची, छाती पिंपासारखी, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोरगं बुटाची नाडी बांधत असलं तर तिथल्या तिथे ताठ व्हायचं. मराठी बोलायचे ती आमची ग्वाल्हेरची, निम्मी हिंदी. "बाई, तुमची घंटी लेट वाजून राहिली, माझ्या पोरांचा टाइम खराब होतो." चहाला चाय. भाजीला सब्जी. पुण्याची माझी जाऊ एकदा त्यांचं बोलणं ऐकून म्हणाली, हे मराठी आहेत? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जुने.

माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. हट्टीसुद्धा कसला, एकदा तोंडातून शब्द गेला की तो परत घ्यायचा नाही, असला. "शब्द काय रबराचा आहे, ओढला आणि सोडला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चूक कळायची, लगेच कळायची, पण "चुकलो" हे त्यांच्या जिभेवर येत नसे. एकदा कबड्डीच्या संघातून त्यांनी एका पोराला सगळ्यांसमोर काढलं. खोटं बोललास म्हणून. दुसऱ्या दिवशी कळलं की पोरगं खरं बोलत होतं. सरांनी काय करावं? पोराला हाक मारून दोन शब्द बोलावेत की नाही? छे. भर उन्हात, मैदानाच्या मधोमध, स्वतःच शिक्षेला उभे राहिले. पोरांना उभं करायचे तसे, हात वर करून, अख्खा तास. मुख्याध्यापक आले, विनवून गेले. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते, माझं एक समीकरण सुटेना. तास संपल्यावर पोराच्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "चल, संघात जा." ते पोरगं रडायला लागलं, तर त्याला ओरडले.

सुमनवहिनींशीही हेच. भांडण झालं की हा माणूस मुकाट्यानं गेटला रंग द्यायला घ्यायचा. वहिनी मला म्हणायच्या, "आमचं गेट बघा, किती वेळा रंगलंय. माझा नवरा काही बोलत नाही, हे गेटच बोलतं."

वहिनी माळकरी घरातल्या. त्यांचा नियम एकच होता, स्वयंपाकघरात शिकार येणार नाही. म्हणून सर अंगणात विटांची चूल मांडून स्वतः शिजवायचे आणि वेगळी भांडी स्वतः घासायचे. वहिनी अचानक गेल्या तेव्हा मला वाटलं, आता नियम कोण पाळतो. पण सरांनी पाळला. नंतर गुडघे गेले, चुलीपुढे बसता येईना, हृदयात जाळी बसली, तर शिकारच सोडून दिली. ओट्यावर मात्र कधी केली नाही.

त्यांना एकच मुलगी, रेवा. बापासारखीच. धावण्यात पहिली, बोलण्यात पहिली, माघार घेण्यात शेवटची. इथल्या खेळांच्या कॉलेजात शिकायला गेली आणि तिथे तिला बानशान भेटला. शिलाँगचा खासी मुलगा, फुटबॉलचा. वहिनी जाऊन वर्षही झालं नव्हतं. रेवानं बापाला सरळ सांगितलं की मी ह्याच्याशी लग्न करणार. सर काहीच बोलले नाहीत. काही बोलले नाहीत म्हणजे बरं लक्षण, असं समजून ती पोरगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला घेऊन आली.

तेव्हा मी गेटपाशी तुळशीला पाणी घालत होते. दोघं आली. मुलानं हातात मिठाईचा डबा धरला होता. सर आतून आले, गेटच्या कडीवर हात ठेवला, आणि मैदानावरच्या त्या आवाजात, मुलाला कळावं म्हणून हिंदीत बोलले, "इस गेट के अंदर पाँव रखा तो गोली मार दूँगा."

आता हे वाक्य पुण्यात कुणी बोललं तर लोक म्हणतील, म्हातारा चिडलाय. आमच्याकडे तसं नाही. आमच्या या मुलखात वरातीत बंदुका निघतात आणि मुलगी पळाली तर बापाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. सरांच्या पुढच्या खोलीत आजोबांची दुनाळी बंदूक भिंतीवर टांगलेली, गेटातून सरळ दिसायची. दसऱ्याला पुसायची आणि परत टांगायची, एवढंच तिचं काम. पण त्या मुलाला काय माहीत? तो बंदुकीकडेच बघत होता. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. रेवानं त्याचा हात धरला आणि मागे न बघता निघून गेली. मिठाईचा डबा भिंतीवर राहिला.

लग्न त्यांनी कोर्टात केलं आणि दिल्लीला गेली. सर तिचं नाव काढत नसत. मी एकदा काढलं तर म्हणाले, "बाई, फालतू बात नको." गेटला मात्र त्या वर्षी इतक्यांदा रंग बसला की कडी लागेना.

मग सरांच्या हृदयाचं तिला कुणाकडून तरी कळलं आणि कुरियरनं एक मोठं खोकं आलं. एअर फ्रायर. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. बापाला तेल वर्ज्य, म्हणून पाठवलेलं. सरांनी खोकं उघडलं नाही आणि परतही पाठवलं नाही. व्हरांड्यात ठेवलं आणि त्यावर वर्तमानपत्रं रचू लागले. माझ्या मुलानं मला अगदी तसलंच यंत्र दिलेलं आहे, साबुदाण्याचे वडे फार सुरेख होतात त्यात, हे मी सरांना मुद्दाम ऐकवायची. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी मला रेवाचा फोन आला. "काकू, आम्ही ग्वाल्हेरला आलोय. स्टेशनजवळ हॉटेलात आहोत. बानला कॉलेजातून कागद घ्यायचेत, उद्या संध्याकाळची गाडी आहे. आम्ही आता कायमचे शिलाँगला चाललो."

"घरी ये ना गं," मी म्हटलं.

"बाबांनी बोलावलं तर येईन. बानलाही बोलावलं तर. तुम्ही त्यांना फक्त सांगा, मनवू नका. नाही बोलावलं तर पुन्हा या गावात मी पाय ठेवणार नाही काकू. झालं एवढं पुष्कळ झालं."

रेवा म्हणजे जगदाळ्यांचंच रक्त. तिनं पाय ठेवणार नाही म्हटलं म्हणजे नाही. मी तशीच भिंतीशी गेले आणि सरांना एका दमात सगळं सांगून टाकलं. मनवायचं नव्हतं म्हणून वर एक शब्द बोलले नाही, त्याचा मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत. सर कुंडीतलं गवत उपटत होते, ते उपटतच राहिले. मी वाट बघून बघून आत आले. आमच्या ह्यांना म्हटलं, संपलं, हा माणूस दगड आहे.

थोड्या वेळानं भिंतीवरून हाक आली. "लेले बाई. ते पोर काय खातं?"

मला आधी कळेचना. "कुठलं पोर?"

"तेच. तिकडचं. काय खातात ते लोक?"

"मला काय विचारता? मी काय त्यांच्याकडे जेवायला जाते?" असं तोंडातून निघून गेलं, आणि मग मीच आवाज खाली आणून म्हटलं, "रेवा म्हणाली होती मागे, डुकराचं आवडतं म्हणून."

सर मान हलवून स्कूटर काढून गेले ते थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला. तिकडे छावणीजवळ कुणी ओळखीचा होता म्हणे. परतले ते बरगड्यांची अख्खी पट्टी कागदात गुंडाळून. मग वर्तमानपत्रं खाली ठेवली, खोकं ओढलं आणि चाकूनं चिकटपट्टी कापली. मी हे सगळं भिंतीवरून बघत होते. हो, बघत होते. काय करणार, माझं घरात लक्षच लागत नव्हतं.

"बाई, हे तुमचंच यंत्र आहे ना? शिकवा."

"मी? डुक्कर? सर, मी त्या व्हरांड्यात पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

"तिकडूनच शिकवा."

झालं. मी पदर नाकाला लावून भिंतीच्या अलीकडे, ते गुडघ्यांमुळे स्टुलावर बसून पलीकडे. व्हरांड्यातच प्लग होता, म्हणून वहिनींच्या स्वयंपाकघराचा नियमही मोडत नव्हता. आलं, लसूण, तिखट, हळद, मीठ सगळं त्यांनी खलबत्त्यात कुटून चोळलं होतं. ते मात्र पक्कं येत होतं, हात विसरला नव्हता. पण यंत्रापुढे माणूस अडाणी. पट्टी आत मावेना, तर सुऱ्यानं खटाखट दोन-दोन बरगड्यांचे तुकडे केले आणि बटण फिरवून आच एकदम शेवटाला नेऊन ठेवली.

"सर, एवढी नको. वडेसुद्धा जळतात एवढ्यावर."

"वडे आहेत का हे? हे हाड आहे."

थोड्या वेळानं यंत्रातून पांढरा धूर निघायला लागला. चरबी खाली गळून जळत होती. समोरच्या शर्मांच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, क्या हुआ भाईसाब. सरांनी ड्रॉवर ओढला. बरगड्या वरून काळ्या कोळसा, सुरा खुपसला तर आत लाल.

मला वाटलं आता यंत्र उचलून रस्त्यावर फेकतील. पण ते तसेच बसून राहिले. मग बारीक आवाजात म्हणाले, "माझ्याकडून नाही होणार बाई. ती येईल आणि हे बघेल."

सरांच्या तोंडून "नाही होणार" मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, पहिला घाणा असाच जातो. माझं सुरण तर आतून कच्चंच राहायचं. आच निम्मी करा, तुकडे चांदीच्या कागदात गुंडाळून सावकाश शिजू द्या. मऊ झाले की कागद काढून मग आच वाढवा. आणि ड्रॉवरमध्ये खाली पाणी घाला थोडं, म्हणजे धूर होणार नाही." डुकराच्या बरगड्या कशा शिजवायच्या हे मी, लेल्यांची सून, भर दुपारी मोठ्यानं सांगत होते. सासूबाई वरून बघत असतील तर बघोत बापड्या.

दुसरा घाणा जमला. सरांनी एक तुकडा उचलला, मांस हाडावरून सुटत होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले, खाल्लं नाही. म्हणाले, "उद्या असंच करायचं. आता तिला सांगा."

"मी नाही सांगणार. तुम्ही बोलवा. तिची अट आहे."

तिचा नंबर त्यांनी कधीच पुसून टाकला होता. मी माझा फोन भिंतीवरून त्यांच्या हातात दिला. बोलायला तयार होईनात, मग मीच म्हटलं, आवाज भरून पाठवा. त्यांनी फोन तोंडासमोर धरला, घसा साफ केला, आणि हुकूम दिल्यासारखे बोलले, "रेवू. उद्या दुपारी त्याची शिकार ठेवली आहे. घेऊन ये त्याला. वेळेवर."

एवढंच. मला त्यात काहीएक खटकलं नाही. उलट डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्याची शिकार! घरातल्या माणसाला लावायचा शब्द त्यांनी त्याला लावला होता.

थोड्याच वेळात निळ्या खुणा उमटल्या. निरोप ऐकला होता. पण उत्तर नाही. चहा झाला, दिवाबत्ती झाली, उत्तर नाही. सर भिंतीपाशी येऊन नुसतं माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायची. मी म्हटलं, फोन करते. तर म्हणाले, "खबरदार. मी एकदा बोललो. यायचं असेल तर येईल. माझ्या गळ्याची शपथ आहे, करायचा नाही फोन." शपथ घातली मेल्यानं. माझे हात बांधून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी व्हरांडा धुतला, तीन पानं मांडली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि यंत्र लावलं. उन्हाच्या झळा यायला लागल्या होत्या. मी डाळ दोनदा निवडली. सर सुरा घेऊन उरलेल्या बरगड्या तोडत होते तेवढ्यात गेटची कडी वाजली.

बानशान होता. एकटा.

पांढरा शर्ट, हात दोन्ही बाजूंना मोकळे, चेहरा असा की रक्ताचा थेंब नाही. तो गेट उघडून आत आला, दोन पावलं चालला आणि थांबला. सर सुरा हातात घेऊनच उठले. मुलाची नजर आधी सुऱ्यावर गेली, मग आत भिंतीवरच्या दुनाळीवर.

"रेवू किधर है?" सरांनी विचारलं.

"वो नहीं आएगी, सर."

सरांचा चेहरा उतरला. मला इकडून दिसलं. ते गेटाकडे बघत होते, त्याच्याकडे नाही. "नहीं आएगी, मतलब?"

"उसको मालूम नहीं है मैं इधर आया हूँ." मुलगा एकेक शब्द तोलून बोलत होता. "आपको जो करना है मेरे साथ कर लीजिए. बस उसके बाद उससे एक बार मिल लीजिए. वो रोज़ रोती है, सर."

"क्या करना है?" सर एक पाऊल पुढे गेले. सुरा हातातच. मुलगा मागे सरला नाही. डोळे मात्र त्यानं मिटून घेतले. आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, "आपने बोला ना. मेरा शिकार."

अरे देवा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पदर खोचला, आमच्या गेटातून बाहेर आणि त्यांच्या गेटातून आत, डुक्कर नाही की काही नाही, थेट व्हरांड्यात. "सर, आधी तो सुरा खाली ठेवा. ठेवा म्हणते ना! बेटा, आँखें खोल. शिकार मतलब खाना. इनके घर में मटन को शिकार बोलते हैं. तेरे लिए पकाया है. वो देख, वो मशीन में."

यंत्र त्याच वेळी टिंग करून वाजलं.

मग सगळं एकेक करून बाहेर आलं. आदल्या दिवशी रेवा प्रवासानं दमून झोपली होती, फोन ह्याच्याजवळ होता. काकूंचा निरोप म्हणून ह्यानं ऐकला. मराठी बोलता येत नाही, पण रेवामुळे थोडी कळते, आणि शिकार हा शब्द हिंदीतही आहेच की. त्याची शिकार, उद्या दुपारी, घेऊन ये. गोळी घालीन हे आधीचं डोक्यात होतंच. त्यानं निरोप पुसून टाकला, कारण रेवानं ऐकलं तर ती भांडायला येईल आणि मध्ये पडेल. तिला सांगितलं, बाबांचं काही उत्तर नाही, मी कागद घेऊन येतो. आणि कागद घ्यायला न जाता इकडे आला. बिचारी रेवा ऐकती तर लगेच समजली असती. पण दिल्लीच्या घरात ती पोर्क म्हणत असे. शिकार म्हणायचं कारणच काय तिला?

सर स्टुलावर बसले. मग विचारलं, "तुझे लगा मैं सच में मार दूँगा?"

"आपने कहा था, सर."

"फिर भी आया?"

"हाँ सर."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिखट-मिठाचे हात होते, डोळ्यांत गेलं असणार. मी आजवर या माणसाला उन्हात उभं राहिलेलं बघितलं होतं, गेट रंगवताना बघितलं होतं, बायकोला खांदा देताना बघितलं होतं. असं कधी नव्हतं बघितलं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगू, रागही आला. इतकी वर्षं एक पोरगा यांच्या एका वाक्याखाली जगला.

शपथ गेली खड्ड्यात. मी रेवाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती ऑटोनं आली. उतरली, गेटपाशी आली, आणि बाहेरच उभी राहिली. केस कसेतरी बांधलेले, सुजलेले डोळे. बानशान आत व्हरांड्यात, ती बाहेर.

"ये, रेवू," सर म्हणाले.

"आधी बोला, बाबा."

"काय बोलू? बोलावलं ना मी."

"मला नाही. त्याला बोला. तो आज काय समजून इथे आला होता, कळलं ना तुम्हाला?"

सरांचा जबडा हलत होता. मी मनात म्हटलं, माणसा, आज जर तू रंगाचा डबा शोधायला गेलास तर मी तुझं तोंड बघणार नाही. ते बानशानकडे वळले, मान खाली घातली, आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "गलती हो गई मेरे से."

मुलगा गडबडून म्हणाला, नहीं सर, कोई बात नहीं सर. मला वाटलं, झालं. पण रेवा जागची हलली नाही.

"हळू बोललात, बाबा," ती म्हणाली. "तेव्हा मोठ्यानं बोलला होतात."

गल्लीतल्या खिडक्या एव्हाना उघडल्याच होत्या. ऑटोवालाही पैसे घेऊन थांबला होता. सरांनी रेवाकडे बघितलं, तिनं नजर काढली नाही. दोघांपैकी कोण आधी मागे हटेल ते मला सांगता येत नव्हतं. ऑटो तिथेच उभी होती, आणि ती एकदा बसून गेली असती तर संपलं होतं.

सर उठले. गुडघे धरून, पायऱ्या उतरून, गेटपाशी गेले. कडीवर हात ठेवला. आणि त्या आवाजात, मैदानावरच्या, बोलले, "सुनो सब लोग. इसी जगह खड़े हो के मैंने एक बात बोली थी. वो बात गलत थी. मैं वापस लेता हूँ. ये लड़का हमारा जमाई है." मग धाप लागली म्हणून थांबले, आणि रेवाला मराठीत, एकदम साध्या आवाजात म्हणाले, "चल आता. त्याचं पान वाढायचंय, गार होऊन राहिलंय सगळं."

ती आत आली. बापाच्या गळ्यात पडली वगैरे नाही, जगदाळे पडत नाहीत. दोरीवरचा टॉवेल घेतला आणि त्यांचं तिखटानं लाल झालेलं तोंड पुसलं.

या सगळ्यात बरगड्या यंत्रातच राहून गेल्या होत्या, वाळून कडक. सरांनी पहिलं पान जावयाचं वाढलं, स्वतः. तो एक तुकडा बराच वेळ चावत होता. सर टक लावून बघत होते. शेवटी त्यानं सांगून टाकलं, "सर, थोड़ा सख्त है."

"थोड़ा?" सर म्हणाले.

"बहुत, सर. मेरी माँ से पूछ के बताऊँगा."

तेव्हा सर हसले. मी माझ्या घरी जाऊन ताक-भात खाल्ला आणि भिंतीपलीकडचं हसू ऐकत बसले.

दिवाळीनंतर सरांनी शिलाँगला जायचं ठरलं होतं, विहीणबाईंच्या हातचं खायला. लोकरीची टोपी आणून झाली, मला घालून दाखवून झाली. त्याआधीच एका पहाटे हृदय बंद पडलं. लग्नानंतरची रेवाची आणि त्यांची ती एकच भेट.

मला सर आठवतात ते, ती दोघं गाडीला निघाली त्या संध्याकाळचे. ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळत होती. सर गेटच्या बाहेर रस्त्यावर उभे होते, आणि अचानक त्यांनी अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "जावईबापू, पोचल्यावर फोन करा." बानशानला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे, पण मागच्या काचेतून त्याचा हात हलला. ऑटो दिसेनाशी झाली तरी सर तसेच उभे. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाई, ऐकू गेलं असेल ना त्याला?"

मी म्हटलं, "सर, मुरारपर्यंत गेलं."